बांजाच्या मुळाशी

हिमालयातील अरण्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. देवदाराची उंची, बुरांसाचा तांबडा फुलोरा, चिडाच्या रानातून वाहणाऱ्या वाऱ्याचा तो समुद्रासारखा आवाज यांविषयी प्रवाशांनी आणि वनाधिकाऱ्यांनी भरभरून लिहिले. या सर्व वर्णनांत एक गोष्ट समान आढळते. पाहणाऱ्याची नजर नेहमी वर असते. पायाखालच्या वीतभर मातीकडे लक्ष जाते ते पाय घसरला तरच. वास्तविक डोंगरावर कोणते झाड टिकेल आणि कोणते नाहीसे होईल, याचा निकाल बहुधा त्या वीतभर थरातच लागत असतो.

कुमाऊं आणि गढवालच्या डोंगरांवर कित्येक पिढ्या दोन झाडांमध्ये तंटा चालू आहे. त्यांतील एक बांज. मराठी कानाला हे नाव ऐकून ‘वांझ’ शब्दाची आठवण होईल, परंतु त्या प्रदेशात याच्याइतके लेकुरवाळे झाड दुसरे नाही. ओकच्या कुळातील हा वृक्ष बारमाही हिरवा असतो. पान वरून गर्द हिरवे आणि खालून पांढुरक्या लवेने मढलेले. गाईगुरांना चारा, चुलीला सरपण, नांगराला लाकूड आणि शेताला खत, इतक्या गोष्टी गावकरी त्याच्याकडून घेतात. बांजाचे रान जिथे असते तिथला झरा आटत नाही, असेही ते सांगतात. दुसरे झाड चीड, म्हणजे हिमालयातला पाइन. सरळसोट खोड, जाड साल, तीन-तीनच्या जुडग्यात वाढणारी वीतभर लांबीची सुईसारखी पाने. त्याची राळ व टर्पेंटाइन यांना बाजार आहे, आणि म्हणून इंग्रजी अमदानीतील वनखात्याची मर्जी त्याच्यावर विशेष होती. चीड मुख्यतः उन्हाच्या, सखल उतारांवर असतो; बांज त्याच्या वर, सावलीच्या आणि ओलाव्याच्या अंगाला. मधल्या पट्ट्यात दोघांची गाठ पडते. बांजाचे रान फांद्या ओरबाडून, कोळसा पाडून, गुरे चारून विरळ झाले की चीड तिथे शिरतो. आणि एकदा शिरला की बांज सहसा परत येत नाही.

तो परत का येत नाही? कुऱ्हाड थांबली, गुरे हटली, तरीही का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मातीत उतरावे लागते.

रानातली चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम माती घेतली तर तिच्यात सूक्ष्मजंतूंची संख्या कोटींमध्ये मोजावी लागते. त्यांशिवाय बुरशीचे तंतू, आदिजीव, सूतकृमी आणि नजरेला न दिसणारे कितीतरी प्राणी तिथे नांदतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध सुटतो, तो मुख्यत्वे यांच्यापैकीच एका घराण्याची करामत आहे. स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या तंतुमय जंतूंनी निर्माण केलेल्या या गंधद्रव्याला १९६५ मध्ये जिओस्मिन असे नाव मिळाले. कनौजचे अत्तरवाले तो वास पिढ्यान्‌पिढ्या कुपीत भरत आले आहेत, ही गोष्ट वेगळी.

हे जीव मातीत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. मुळाच्या अगदी लगतच्या मातीत त्यांची दाटी फार असते, आणि तिथून थोडे दूर गेले की ती विरळ होते. कारण उघड आहे. मूळ आपल्या टोकापासून साखर, सेंद्रिय आम्ले, झडलेल्या पेशी असे काही ना काही सतत बाहेर टाकत असते, आणि त्या अन्नछत्रावर हे सारे जमतात. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मुळाभोवतीच्या या पट्ट्याला ऱ्हायझोस्फिअर, म्हणजे मुळाचे परिमंडल, असे नाव दिले.

परंतु डोंगरातल्या वृक्षांची खरी भिस्त या परिमंडलातील गर्दीपेक्षाही एका अधिक निकटच्या सोबत्यावर असते. त्याचा शोध जिभेच्या चोचल्यातून लागला. ट्रफल नावाची एक अळंबी युरोपात ओकच्या झाडांखाली, जमिनीच्या पोटात वाढते आणि सोन्याच्या मोलाने विकली जाते. तिची शेती करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने बर्लिनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक याच्याकडे सोपवले. ट्रफलची शेती काही त्या चौकशीतून उभी राहिली नाही. मात्र झाडांची मुळे उकरून पाहताना फ्रँकच्या ध्यानात आले की ओक, बीच, पाइन अशा वृक्षांच्या बारीक मुळांची टोके उघडी नसतातच. प्रत्येक टोकावर बुरशीच्या तंतूंचे घट्ट विणलेले मोजे चढवलेले असतात. १८८५ साली त्याने या जोडअवयवाला मायकोरायझा हे नाव दिले. ‘मायको’ म्हणजे बुरशी, ‘रायझा’ म्हणजे मूळ. मराठीत त्याला कवकमूल म्हणतात.

बुरशी दिसली की रोग समजायचा, हा त्या काळचा रिवाज होता. फ्रँकने मांडले ते याच्या अगदी उलट. त्याचे म्हणणे असे की हा रोग नव्हे, हे दाईपण आहे. झाडाला मातीतले अन्न भरवणारी ही दाई आहे. समकालीनांपैकी पुष्कळांना ते पटले नाही. तेव्हा त्याने निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत पाइनची रोपे वाढवून पाहिली. साध्या मातीतली, म्हणजे बुरशीची सोबत लाभलेली रोपे अधिक जोमाने वाढली.

या मोज्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुळाच्या टोकाभोवती तंतूंचे एक आवरण असते. त्यातून काही तंतू आत शिरतात, पण मुळाच्या पेशींत घुसत नाहीत. पेशी आणि पेशी यांच्या मधल्या फटींतून ते जाळे विणतात, आणि देवघेव तिथे चालते. दुसऱ्या बाजूने असंख्य तंतू बाहेर मातीत पसरतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक असलेले हे तंतू, झाडाचे बारीकात बारीक मूळही जिथे पोहोचणार नाही अशा भेगांत शिरतात. तिथून पाणी, स्फुरद आणि नत्र आणतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते, आणि तीही काही थोडीथोडकी नव्हे. पानांनी उन्हात बसून जी कमाई केली तिच्यातला दहा ते वीस टक्क्यांपर्यंतचा भाग कधी कधी या भूमिगत भागीदाराकडे जातो. इतका वाटा देऊनही झाडाला हा व्यवहार परवडतो, यावरून मातीतून स्फुरद मिळवणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना यावी.

अशी जोडी जमवणारे वृक्ष भारतात हिमालयातच आहेत असे नाही. बस्तरच्या आणि छोटा नागपूरच्या सालवनांत पावसाच्या आरंभी माती उकरून आदिवासी बायका एक गोलसर, सुपारीएवढी अळंबी गोळा करतात. बस्तरात तिला बोडा म्हणतात, झारखंडात रुगडा. तिची भाजी मोठ्या आवडीने खाल्ली जाते आणि हंगामात भावही चांगला येतो. ती सालवृक्षाच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीचेच फळ आहे, म्हणून ती सालाखालीच सापडते. सह्याद्रीच्या रानात मात्र हा प्रकार क्वचित. तिथल्या जांभळासारख्या बहुतेक झाडांची बुरशी बाहेरून मोजा न चढवता मुळाच्या पेशींच्या आत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडते. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ रंगवून पाहिल्यावाचून ती दिसत नाही. हे घराणे अतिप्राचीन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे अवशेष दगडात जपले गेले आहेत, त्यांत अशी बुरशी स्पष्ट दिसते. त्या वनस्पतींना अद्याप खरी मुळेही फुटली नव्हती!

डोंगरावर या सोबतीची किंमत वाढते. मैदानात नदीने आणून टाकलेला गाळ असतो. उतारावर मातीचा थर पातळ, त्यात गोटे अधिक, आणि दर पावसाळा त्यातले काही ना काही धुऊन नेतो. थंडीमुळे पालापाचोळा सावकाश कुजतो आणि त्यात अन्न अडकून पडते. अशा ठिकाणी बुरशीचे तंतू दोन कामे करतात. काही जाती सेंद्रिय आम्ले पाझरून दगडातील खनिजे विरघळवतात, म्हणजे खडकाकडूनच वसुली करतात. बुरांसाच्या केसासारख्या बारीक मुळांत राहणारी बुरशी आणखी एक पाऊल पुढे जाते. अर्धवट कुजलेल्या पाचोळ्यातील प्रथिने फोडून त्यांतला नत्र ती थेट काढून घेते. जिथे दुसरे झुडूप उपाशी राहील अशा आंबट, निकस मातीत बुरांस फुलतो, तो या कलेच्या बळावर.

सोबती नसेल तर काय होते, याचे उदाहरण हिमालयापासून फार दूर, कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर मिळाले. तिथे पाइन मुळात नव्हता. तो लावण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले आणि फसले. बी रुजे, रोप काही बोटे वाढे, पिवळे पडे आणि मरे. १९५५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातून पाइनच्या रानातली माती तिथे नेऊन रोपांच्या मुळाशी घालण्यात आली. ती रोपे हिरवी झाली आणि वाढीला लागली. बी तेच, बेट तेच. कमी होती ती रानातल्या मातीबरोबर आलेली बुरशी.

आता पुन्हा बांज आणि चीड यांच्याकडे वळता येईल. दोघांच्याही मुळांवर बुरशीचे मोजे आहेत, तेव्हा भागीदार नसल्यामुळे बांज हरतो असे म्हणता येत नाही. त्याच्या पराभवाचे एक कारण नत्राच्या हिशेबात सापडते. जे. एस. सिंह, वाय. एस. रावत आणि ओ. पी. चतुर्वेदी या तिघा भारतीय शास्त्रज्ञांनी कुमाऊंच्या रानांचा अभ्यास करून १९८४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो हिशेब मांडला. चीड मोठा काटकसरी आहे. जुनी सुई गळून पडण्याआधी तो तिच्यातला बराचसा नत्र खोडाकडे ओढून घेतो. खाली पडते ती रिकामी सुई. तिच्यात कर्ब भरपूर आणि नत्र नाममात्र. पहाडात या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात चिडाखाली पिरूलाची घसरडी गादीच पसरलेली असते.

ही गादी कुजवण्याचे काम मातीतल्या सूक्ष्मजीवांवर येते. त्यांना कर्ब खाऊन आपले शरीर वाढवायचे तर त्या प्रमाणात नत्र हवा, आणि सुईत तो नाही. म्हणून ते आसपासच्या मातीतला नत्र उचलून स्वतःत साठवतात. घरात धान्य आहे पण मीठ नाही, तेव्हा शेजाऱ्यांचे मीठ उसने आणावे आणि ते परत करूच नये, तसा हा प्रकार. नत्र मातीतून नाहीसा होत नाही, पण कोवळ्या रोपाच्या हाती लागत नाही. चिडाचे थोडक्यात भागते. बांजाची भूक मोठी आहे. त्याची पाने नत्राने पोसलेली असतात, म्हणून तर गुरे ती आवडीने खातात, आणि म्हणूनच ती लवकर कुजून मातीला परत मिळतात. बांजाच्या रानात हा उधारी-परतफेडीचा व्यवहार झपाट्याने चालतो. चिडाच्या रानात तो गोठतो, आणि तिथे रुजू पाहणारे बांजाचे रोप उपाशी राहते. एका झाडाचा पाचोळा मातीतल्या जीवांकरवी दुसऱ्या झाडाला दाराबाहेर ठेवतो.

यावरून चिडाला खलनायक ठरवणे मात्र रास्त नव्हे. तोही हिमालयाचाच पुत्र आहे, आणि ज्या भाजक्या, निकस उतारावर दुसरे काही उगवत नाही तिथे तो सावली धरतो. गैर आहे ते त्याला बांजाच्या जागेवर बसवणे.

नत्राची ही ओढाताण मिटवणारेही एक झाड पहाडात आहे. पूर्व हिमालयात नेपाळी भाषेत त्याला उत्तिस म्हणतात. दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर, जिथे मातीपेक्षा ढेकळे आणि खडीच अधिक, तिथे वाऱ्याबरोबर आलेले त्याचे बारीक बी पहिल्यांदा रुजते. अशा जागी नत्र जवळजवळ नसतोच. तरी उत्तिस भराभर वाढतो. त्याच्या मुळांवर पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठी असतात. त्या गाठींत जो तंतुमय सूक्ष्मजंतू राहतो त्याला १८८६ मध्ये फ्रँकच्या सन्मानार्थ फ्रँकिया हे नाव देण्यात आले. नाव मिळाले तरी हा जीव मुळाबाहेर एकटा वाढवून दाखवणे शास्त्रज्ञांना १९७८ पर्यंत साधले नाही, इतका तो घरकोंबडा!

हवेत जवळजवळ चार पंचमांश नत्र आहे, पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. खताच्या कारखान्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस उष्णता आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. फ्रँकिया तेच काम थंड मातीत, अंधारात, झाडाने दिलेल्या साखरेवर करतो. या कामात प्राणवायू हा त्याचा शत्रू, म्हणून तो स्निग्ध थरांच्या सूक्ष्म कुप्या करून त्यांच्या आत बसतो. उत्तिसाची नत्राने भरलेली पाने गळतात आणि काही वर्षांत खडीची माती होऊ लागते. सिक्कीममधील शेतकरी मोठ्या वेलदोड्याला सावली म्हणून उत्तिस ठेवतात. नागालँडमधील खोनोमा गावाच्या अंगामी नागांनी तर त्याच्यावर एक शेतीपद्धतीच उभी केली आहे. फिरत्या शेतीसाठी रान तोडताना ते उत्तिस मुळापासून काढत नाहीत. खोड उंचावर छाटतात, मधल्या जागेत पिके घेतात, आणि मग जमीन विसाव्याला सोडली की बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. मुळे आणि गाठी सारा काळ जागेवरच असतात. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या माणसांनी इतका अचूक व्यवहार बसवावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अलीकडे या भूमिगत जगाविषयी एक फार मोहक कथा सर्वतोमुखी झाली आहे. रानातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई आपल्या रोपांना ओळखून दूध पाजावे तशी साखर पाठवते, वगैरे. तिला आधार अगदीच नाही असे नव्हे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या रानात सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणेचा कर्ब वापरून प्रयोग केला, आणि बर्च व डग्लस फर या दोन जातींच्या रोपांमध्ये कर्बाची देवाणघेवाण होते असे १९९७ मध्ये दाखवले. परंतु तो कर्ब जाळ्यातूनच गेला की मातीतून, आणि त्याने रोपाचा निर्वाह होतो काय, हे सिद्ध करणे कठीण आहे. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून बजावले की रानातला पुरावा या लोकप्रिय कथेच्या मानाने फार तोकडा आहे. निसर्गाची महती सांगायला त्याच्या तोंडी माणसाची भाषा घालण्याचे काही कारण नाही. साखर देऊन स्फुरद घेण्याचा रोकडा व्यवहारच पुरेसा अद्भुत आहे.

हा व्यवहार मोडायला मात्र फार वेळ लागत नाही. वृक्षांची बारीक मुळे आणि त्यांच्यावरची बुरशी मातीच्या वरच्या थरात, पाचोळ्याला लागूनच दाटलेली असते. वणव्याची झळ सर्वांत आधी तिथेच लागते. पिरूल राळेमुळे भडकून पेटते. २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उत्तराखंडात जे वणवे लागले, त्यांत चिडाची रानेच्या राने धुमसली. जाड सालीचा मोठा चीड त्यातून बहुधा वाचतो. त्याच्या सावलीत कसेबसे तग धरलेले बांजाचे रोप वाचत नाही. त्यावर पावसाळा आला की उघडी राख आणि तिच्याखालची मऊ माती उतारावरून ओढ्यात जाते. झाड तोडले तर त्याची मोजदाद ठेवली जाते. वाहून गेलेल्या या थराची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. वृक्षारोपणाच्या अहवालांतही खड्डे किती खणले आणि रोपे किती लावली याचे आकडे असतात. रोप कोणत्या मातीत वाढवले, हे बहुधा लिहिलेले नसते.

ज्या रोपवाटिकांना ही गोष्ट ठाऊक आहे तिथे वाफ्यात जुन्या रानातली माती मिसळतात. बांजासाठी ती बांजाखालची हवी. १९३१ च्या नियमांनंतर कुमाऊंत ज्या वनपंचायती स्थापन झाल्या, त्यांच्यापैकी काहींनी गावाजवळची बांजाची राने राखली आहेत. अशी माती अजून तिथे मिळते. बांजाचे फळ हिवाळ्यात पिकते. माकडे, अस्वले आणि पाखरे यांच्या तावडीतून सुटलेले बी गोळा करून वाफ्यात टोचतात. अंकुर फुटला की पहिले मूळ सरळ खाली जाते, मग त्याला बाजूची बारीक मुळे फुटतात. माती जुन्या रानातली असेल तर त्यांतल्या काही टोकांवर तंतूंचे आवरण चढू लागते. रोप तेव्हा चार पानांचे असते.